सरासरी आयुष्य ७० वर्षांचं, पण कर्ज सरासरीवर फिटत नाही



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्याच्या खर्चाचा कागद मांडला. भाडं, वीज, मजुरी, बारदाना, बँकेचा हप्ता, सगळं आलं. एक ओळ मात्र बहुतेक जण लिहीतच नाहीत : धंदा चालवणारा माणूसच गेला तर? हा विषय काढला की घरचे म्हणतात, "अभद्र बोलू नका." माझं मत सरळ आहे. ती ओळ भाड्याइतकीच जरुरीची आहे आणि तिचा आकडा काढता येतो. हे आकडे काढणाऱ्या माणसांना ॲक्च्युअरी म्हणतात. विमा कंपनीचा हप्ता त्यांच्याच हिशोबावर ठरतो.

ॲक्च्युअरी म्हणजे ज्योतिषी नाही

तुम्ही कधी जाणार हे त्याला माहीत नसतं आणि त्याला त्याची गरजही नसते. तो एवढंच विचारतो : ४० वर्षांची १,००० माणसं घेतली, तर येत्या वर्षभरात त्यातली किती जातील? त्यासाठी लाखो पॉलिसींच्या नोंदी घेतात. त्या वयात किती मृत्यू झाले ते मोजतात आणि त्या वयाची किती माणसं किती काळ विम्याखाली होती, त्यानं भागतात. कोणाची पॉलिसी सहाच महिने नजरेखाली असेल तर तो अर्धं वर्ष धरला जातो. हिशोब इतका चोख.

भारतातल्या विमाधारकांचा २०१२-१४ च्या नोंदींवरून केलेला तक्ता आहे. त्यात ३० व्या वर्षी हजारात साधारण १, ४० व्या वर्षी १.७, ५० व्या वर्षी ४.४ आणि ६० व्या वर्षी ११ मृत्यू धरले आहेत. बघा, चाळिशीनंतर दर १० वर्षांत धोका अडीचपट होतो. म्हणून ३० व्या वर्षी घेतलेला विमा स्वस्त पडतो आणि ५० व्या वर्षी तोच खिशाला जड जातो.

७० ही मुदत नव्हे

भारताचं सरासरी आयुर्मान २०१६-२० च्या सरकारी आकड्यांनुसार ७० वर्षं आहे. हे ऐकून कोणी म्हणतो, "मी ४५ चा, म्हणजे माझ्याकडे २५ वर्षं पक्की." ना ती २५ आहेत, ना पक्की.

आयुर्मान काढताना १ लाख बाळं जन्मली असं धरतात. प्रत्येक वयाचा आजचा मृत्युदर लावून किती उरले ते बघत जातात. मग सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं १ लाखानं भागतात. पहिल्या वर्षातच गेलेलं बाळही त्यात आलं, म्हणून सरासरी खाली ओढली जाते. जो ६० पर्यंत पोहोचला, त्याला आपल्या देशात सरासरी आणखी १८ वर्षं मिळतात. म्हणजे म्हातारपणाची तजवीज ७० ला थांबवली तर पैसा आधी संपेल आणि माणूस मागे उरेल. उलट, त्याच सरासरीत पन्नाशीआधी गेलेलेही आहेत.

हा हिशोब गर्दीचा आहे, एकट्याचा नाही

आता धंद्याकडे येऊ. समजा, आमगावकडे एका ४० वर्षांच्या भावानं छोट्या राईस मिलसाठी १५ लाखांचं कर्ज घेतलं, मुदत ७ वर्षं. तक्त्यानुसार अशा १,००० कर्जदारांपैकी साधारण १५ जण त्या ७ वर्षांत जातील. ९८५ जण म्हणतील, "विम्याचे पैसे फुकट गेले." आणि १५ घरांत मिल बंद, हप्ता चालू आणि घर गहाण. तुम्ही ९८५ मधले की १५ मधले, हे कोणताही ॲक्च्युअरी सांगू शकत नाही.

पण १,००० जणांनी तो भार वाटून घेतला तर? १५ घरांचे १५-१५ लाख म्हणजे २ कोटी २५ लाख. माणशी २२,५०० रुपये, तेही ७ वर्षांचे मिळून. त्यावर कंपनीचा खर्च आणि नफा धरा. तरी वर्षाला ३-४ हजारांच्या घरातली ही ओळ आहे. धानाच्या एका हंगामात पोती आणि हमालीला याहून जास्त जातात.

"मग आम्ही बचत गटातच पेटी ठेवू," असं काही ताई म्हणतील. ४० जणींनी वर्षाला ४३६ रुपये टाकले तर १७,४४० जमतात. २ लाख जमायला ११ वर्षांहून जास्त लागतील. सगळ्या चाळिशीच्या असल्या तर तक्त्याप्रमाणे दुःखद प्रसंग सरासरी १५ वर्षांतून एकदा. पण तो दुसऱ्याच वर्षी आला तर पेटीत ३५ हजारही नसतील. ५ लाख माणसं असतील तर वर्षाला ८४० च्या आसपास मृत्यू होतात आणि साधारण वर्षांत फरक फार तर ६० इकडे की तिकडे. गर्दी मोठी, तेव्हाच सरासरी टिकते. बचत गट कर्जासाठी उत्तम, मरणाचा विमा चालवायला नाही.

अंदाज चुकतो, तेव्हा

तोच ४३६ रुपयांचा आकडा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा आहे. २०१५ मध्ये हा हप्ता ३३० होता, त्यातले २८९ विमा कंपनीला. २ लाख भागिले २८९ केलं तर ६९२ येतात, म्हणजे ६९२ मधला एकच गेला तर हिशोब बसतो. पण १८ ते ५० सगळ्यांना एकच दर, वैद्यकीय तपासणी नाही, त्यात कोविड. ३१ मार्च २०२२ पर्यंत जमले ९,७३७ कोटी आणि दाव्यांत गेले १४,१४४ कोटी. म्हणून १ जून २०२२ पासून हप्ता ४३६ झाला, कंपनीचा वाटा ३९५. आता हिशोब ५०६ मध्ये एकावर आला. नोंदी बघून दर बदलायचा, हे आपण दुकानदारांनीही शिकावं. "तीन वर्षं हाच भाव आहे" ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

तुमच्या कागदावर काय लिहायचं

१. कर्ज जितकं आणि जितक्या वर्षांचं, निदान तितका टर्म इन्शुरन्स. घरखर्च त्याच्या वर.

२. ४३६ वाली योजना घ्याच, पण २ लाखांत १५ लाखांचं कर्ज फिटत नाही हे लक्षात ठेवा. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे ठेवा, नाहीतर विमा खंडित होतो.

३. खर्रा खात असाल तर फॉर्ममध्ये लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. पहिल्या ३ वर्षांत लपवलेली गोष्ट सापडली तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि तो वाद तुमच्या बायकोला लढावा लागेल.

४. धंद्याची देणी मोठी असतील तर विवाहित पुरुषांनी १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायची का, ते घेतानाच विचारा. ती रक्कम बायको-मुलांची राहते, सावकाराला तिच्यावर हात टाकता येत नाही.

५. धंदा दोघांनी चालवत असाल तर दोघांचाही विमा. गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनी गेल्या तरी दुकान अडतंच.

आपण राईस मिलच्या मोटारीसाठी पैसे बाजूला ठेवतो, कारण ती कधीतरी जळणार हे माहीत असतं. मिल चालवणाऱ्या माणसासाठीही एक ओळ असू द्या. आज रात्री कागद काढा आणि घरच्यांना सोबत बसवून ती ओळ लिहा.