मार्गफलकांवरील मराठीची विटंबना

पुणें शहरांत सर्वांत अधिक वाचलें जाणारें मराठी पुस्तक कोणतें, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर तयार आहे : रस्त्यांवरील सरकारी फलक. हें पुस्तक विकत घ्यावें लागत नाहीं, आणि तें वाचणें कोणास टाळतांही येत नाहीं. म्हणूनच त्याची अशुद्धता आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं.

फलक तयार कसा होतो तें प्रथम पाहूं. ॲल्युमिनियमचा पत्रा कापतात. आलेला प्रकाश त्याच दिशेस परतविणारा पापुद्रा त्यावर चढवितात. मग संगणकाच्या आज्ञेनें अक्षरें कापून चिकटवितात किंवा छापतात. या कामीं नियमांचा तुटवडा नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची पहिली अनुसूची रस्त्यांवरील खुणांचीच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेंत आकार व रंग ठरलेले आहेत. ही संस्था १९३४ सालीं निघाली, ती १९२७ च्या जयकर समितीच्या कार्यांतून. आणि तेच बॅ. जयकर पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. रस्ता आणि विद्या यांचें असें नातें ज्या शहरांत आहे, तेथें फलकावरील भाषा अनाथ असावी काय?

आमच्या घराजवळच्या चौकांत ‘कर्वे’ या नांवाचें ‘कवेर्’ झालेलें आम्हीं पाहिलें. एका फाँटमध्यें टंकलेला मजकूर दुसऱ्यांत उघडला कीं रफार असा पळतो. आम्हीं संबंधित कचेरीस पत्र लिहिलें. कांहीं महिन्यांनीं फलक बदलला. नवा पत्रा, नवी चकाकी, आणि तोच ‘कवेर्’! जुनीच फाइल पुन्हा यंत्रांत गेली होती, हें उघड आहे. पूर्वीच्या रंगाऱ्याची चूक एका पाटीपुरती असे. दुसरी रंगवितांना ती सुधारण्याचा संभव असे. यंत्राची चूक मात्र वंशपरंपरेनें चालते.

‘अर्थ समजला म्हणजे झालें,’ असें म्हणणारे सुशिक्षितही भेटतात. इंग्रजी नांवांतील एक अक्षर गळलें असतें, तर ते असेच स्वस्थ राहिले असते काय? शिवाय वेगानें जाणाऱ्या चालकास वाचण्यास क्षणच मिळतो. १९५७ नंतर ब्रिटनमध्यें जॉक किनिअर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनीं त्याच क्षणासाठीं अक्षरांचें वळण घडविलें. आपल्या शासनानेंही २००९ सालीं प्रमाण देवनागरीचें वळण ठरवून दिलें. पण निर्णय दप्तरांत राहतो आणि पत्रा खांबावर चढतो.

उपाय खर्चाचा नाहीं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक सुबक टंकाइतकाच शुद्ध मुद्रणावर उभा होता. तीच शिस्त येथें हवी. पत्रा कापण्यापूर्वीं जाणत्या मराठी वाचकानें मुद्रित तपासून सही करावी. सदोष फाइल नष्ट व्हावी. आणि त्या सहीवांचून ठेकेदाराचें बिल मंजूर होऊं नये.

वाचकांनींही आपापल्या चौकांतील फलक एकवार नीट वाचावे, व चूक आढळल्यास कचेरीस दोन ओळी लिहाव्या. एकाचें पत्र केराच्या टोपलींत जाईल. शंभरांच्या पत्रांस उत्तर द्यावेंच लागेल.