चिकावर पहिला हक्क वासराचा



मृग तोंडावर आला की आपल्या बैठकांत बियाणे, खत आणि पीककर्ज यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण याच दिवसांत कित्येकांच्या गोठ्यात गाय व्यायला टेकलेली असते आणि तिच्याबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढत नाही. वासरू जगले तर देवाची कृपा, मेले तर त्याचे नशीब, एवढ्यावर विषय संपतो.

आधी हिशेब मांडू. २०२२ साली राज्यात लम्पीची साथ आली. तेव्हा सरकारने भरपाई ठरवली: दुधाळ गाईला ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. सरकारच्या दप्तरात वासराची किंमत लिहिली गेली. आपल्या घरच्या वहीत मात्र वासराच्या नावाचे पानच नाही. बोंडअळीने गेलेली कपाशी आपण क्विंटलने मोजतो. हगवणीने गेलेले वासरू कोणत्याच नुकसानीत धरत नाही.

आम्ही उपदेश करायला बसलो आहोत असे कोणी समजू नये. कृषी महाविद्यालयात शिकत असताना पशुसंवर्धनाच्या पेपरात चिकावर दहा ओळी लिहून आम्ही गुण मिळवले. त्याच सुट्टीत घरची गाय व्याली. वार पडली नव्हती म्हणून वासराला रात्रभर आईपासून लांब बांधले. सकाळी पहिला चीक काढला आणि त्याचा खरवस गल्लीत वाटला. आम्हीही वाटी पुसून खाल्ला. पाचव्या दिवशी वासराला हगवण लागली, सातव्या दिवशी ते गेले. ते का गेले हे आम्हाला परीक्षेत लिहिता येत होते. घरात वडिलांपुढे सांगायचे धाडस मात्र झाले नाही.

ते आज सांगतो. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढण्याची थोडी शिदोरी मिळते. गाई-म्हशीच्या वारेतून ती पिलापर्यंत पोचत नाही. वासरू जन्मते ते रिकाम्या हाताने. त्याची सगळी शिदोरी चिकात असते आणि ती घेण्याचे आतड्याचे दार काही तासच उघडे असते. पहिल्या सहा तासांत ते चांगले उघडे, पुढे झपाट्याने मिटत जाते, आणि चोवीस तासांनी जवळजवळ बंद होते. मग बादलीभर चीक पाजला तरी तो पोटाला मिळतो, रक्ताला मिळत नाही.

आता आपली रीत पाहा. वार पडायला कधी आठ-बारा तासही लागतात. तोवर वासराला पाजायचे नाही असे आपण धरून बसतो. म्हणजे दार उघडे असते नेमके तेव्हा वासरू दाव्याला उपाशी असते. उलट वासरू सडाला लागले, ढुशा देऊ लागले, की गाईच्या गर्भपिशवीला कळ येते आणि वार पडायला मदतच होते. बारा तासांनीही वार पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. हाताने ओढू नका, तिला दगड बांधू नका. पण वासराला ताटकळत ठेवू नका.

किती पाजायचे? वासराच्या वजनाच्या दहावा भाग, पहिल्या चोवीस तासांत. आपल्या गावरान गाईचे वासरू वीसेक किलोचे असते. त्याला दोन लिटर चीक, तीन-चार वेळा मिळून. पहिली वेळ तासाभराच्या आत. पुढेही तीन दिवस त्याचे पोट चिकानेच भरू द्या. त्यातून उरेल त्याचा खुशाल खरवस करा, शेजारी वाटा. खरवसाशी आमचे वैर नाही, पंगतीत वासराचा नंबर आधी असावा एवढेच म्हणणे आहे. गाय दगावली किंवा कास सुजली, तर गावात त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या गाईचा चीक मागून आणा.

दुसरे काम नाळेचे. ओली नाळ म्हणजे रोगाला उघडी वाट. पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधा, त्याखाली नव्या पात्याने कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. वाळेपर्यंत रोज लावा. शेण, राख, हळद काही नको. नाक-तोंडातला चिकटा पुसून घ्या, बाकी अंग गाईला चाटू द्या. आणि पावसाळ्यात वासराखाली कोरडे कुटार हवे. चिखलात बसलेल्या वासराला औषध पुरत नाही.

हगवण लागली की वासरू मरते ते अंगातले पाणी गेल्यामुळे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा. दूध पूर्ण तोडू नका. डोळे खोल गेले, कान गार पडले, चोखणे थांबले, तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. दहाव्या ते पंधराव्या दिवशी जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्या, पुढे सहा महिन्यांपर्यंत ते सांगतील तसे. म्हशीच्या वगारी-रेडकांना तर हे चुकवूच नका, कारण त्यांना जंत आईच्या दुधातूनच येतात.

आता खास कपाशी-ज्वारीवाल्यांसाठी दोन गोष्टी. गाभण गाय उन्हाळाभर नुसत्या वाळल्या कडब्यावर राहिली तर तिच्या चिकात अ जीवनसत्त्व कमी पडते आणि वासरू अशक्त, कधी आंधळे निपजते. शेवटचे दोन महिने तिला आटवा आणि बांधावरच्या शेवरीचा, हादग्याचा, शेवग्याचा थोडा तरी हिरवा पाला रोज द्या. दुसरी गोष्ट सरकीची. सरकीत आणि तिच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठ्या जनावराचे पोट ते बरेचसे पचवते, रवंथाचे पोट तयार न झालेल्या वासराला ते बाधते. निदान चार महिने वासरापुढे सरकी-ढेप टाकू नका. दुसऱ्या आठवड्यापासून ज्वारीचा भरडा, तुरीची चुनी, भुईमुगाची पेंड, थोडे मीठ आणि क्षारमिश्रण चाटायला द्या.

राहिला गोऱ्ह्याचा प्रश्न. कालवडीला निदान जपतात, गोऱ्ह्याला सड सोडताना हात आखडतो. त्यामागचे कारण आम्ही जाणतो. राज्याच्या १९९५च्या दुरुस्ती कायद्याला २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, बैलही कत्तलबंदीत आले, आणि म्हाताऱ्या बैलाची बाजारातली किंमत गेली. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक ठेवायचे नाही आणि जनावर मात्र त्याने जन्मभर पोसायचे, या धोरणाशी आमचे भांडण आहे आणि ते चालूच राहील. पण त्या भांडणाची किंमत दोन दिवसांच्या वासराकडून वसूल करू नका. ते न्यायाचेही नाही आणि फायद्याचेही नाही. गावरान गाय वासरावाचून पान्हा सोडत नाही. गोऱ्हा मेला की दूधही गेले. मग पेंढा भरलेले कातडे तिच्यापुढे उभे करून धार काढायची पाळी येते. ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला आम्ही अधिक सांगायला नको.

म्हणून या जिल्हा बैठकीत आमची मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. गावाला परतताना प्रत्येकाने आयोडीनची एक बाटली आणि एक नवे पाते घेऊन जावे, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवावे. आणि घरी सांगावे, विशेषतः धार काढणाऱ्या मायबहिणीला आणि रीत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आईला, की यंदा गाय व्याली की वारेची वाट पाहायची नाही. पहिला चीक वासराचा.

आपल्या घामाचे दाम आधी आपल्याला मिळावेत असे आपण रस्त्यावर उतरून सांगतो. गाईच्या चिकाचा हिशेबही तसाच धरा.