शाळेचा संगणक सरकारी, मग त्याची किल्ली खासगी का?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या गावातल्या शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत जुने संगणक धूळ खात पडलेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतोय, "आता हे संगणक भंगारात काढायचे का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आपल्या शाळांमधली बरीच यंत्रं त्याच्या आधीची. म्हणजे यंत्र धडधाकट, स्क्रीन चांगला, कीबोर्ड चालू, तरी म्हणे कालबाह्य.

यावर सोपा उपाय आहे, लिनक्स. फुकट आहे, कायदेशीर आहे, ४ जीबी रॅमच्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतं. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं जण जवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत पेनड्राइव्ह घेऊन बसलो. आठ संगणक होते. दुपारपर्यंत पाच सुरू झाले, तीन अडले.

पाच का सुरू झाले हे सांगण्यात काही मजा नाही. तीन का अडले ते महत्त्वाचं, कारण प्रत्येक गावात तिथंच अडतं. मग लोक म्हणतात, "लिनक्स अवघड आहे बुवा." माझं मत वेगळं आहे. अडतं ते दोनच ठिकाणी, पार्टिशन आणि पासवर्ड. साध्या मराठीत वाटणी आणि किल्ली. आणि या दोन्ही ठिकाणी दोष लिनक्सचा कमी, सार्वजनिक वस्तूची नोंद न ठेवण्याच्या आपल्या सवयीचा जास्त.

आधी वाटणीचं बघू.

पहिल्या संगणकाची हार्डडिस्क ५०० जीबीची. लिनक्ससाठी ६० जीबी जागा मोकळी केली, तर इन्स्टॉलर म्हणतो ही जागा वापरता येणार नाही. सगळे बुचकळ्यात. कारण साधं होतं. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर वाटणीत, जास्तीत जास्त चारच मुख्य हिस्से पाडता येतात. तिथं सी, डी, ई आणि विंडोजचा स्वतःचा एक छोटा लपलेला हिस्सा, असे चार आधीच झाले होते. जमीन रिकामी होती, पण सातबाऱ्यावर पाचवं नाव चढत नव्हतं. उपाय असा की एका हिश्श्यातला डेटा बाहेर काढायचा, तो हिस्सा मोडायचा आणि त्या जागी 'एक्स्टेंडेड' हिस्सा करायचा. त्याच्या पोटात मग हवे तेवढे भाग पडतात. अशा वेळी विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करू का असं विचारतं. तिथं हो म्हणू नका, पुढं लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती वाटणी नीट वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मान खाली जाते, पण सांगतो. आपल्याकडे संगणक दुरुस्तीचा एक अलिखित नियम आहे, "सी फॉरमॅट करा, डी सेफ असतो." विंडोज पुन्हा टाकताना ते बहुतेक वेळा खरं ठरतं. याच भरवशावर २०२३ मध्ये मी एका गावच्या वाचनालयात लिनक्स टाकताना 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडला. मला वाटलं सी जाईल. पण सी आणि डी या वेगळ्या डिस्क नव्हत्याच, एकाच डिस्कचे दोन हिस्से होते. अख्खी डिस्क पुसली गेली. डी मध्ये पुस्तकांची दाखल-नोंदवही होती, ग्रंथपाल काकांनी सहा वर्षं एका बोटाने टाइप केलेली. काका मला एक शब्द बोलले नाहीत. "राहू दे, परत करू" एवढंच म्हणाले. वयाच्या सत्तरीत त्यांनी ती पुन्हा टाइप करायला घेतली. तेव्हापासून माझा नियम असा: आधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग त्या प्रतीतल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघायच्या, वाटणीचा मोबाइलवर फोटो काढायचा, आणि नंतरच पेनड्राइव्ह लावायचा.

आता किल्ली.

उरलेले दोन, एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप, पेनड्राइव्हवरून सुरूच होईनात. पुरवठादाराने बायोसला पासवर्ड टाकून ठेवलेला. तो कुणाला सांगितला, कुठं लिहिला, काहीच पत्ता नाही. बिलावरचा फोन लागत नाही. डेस्कटॉप उघडून मदरबोर्डवरचा जंपर बदलला आणि पासवर्ड निघाला. लॅपटॉपचं तसं होत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी काढली तरी हा पासवर्ड जात नाही, कंपनीकडे खरेदीचं बिल दाखवावं लागतं. मूळ बिल कुठंय? फाइलमध्ये. फाइल कुठंय? मुख्याध्यापक मॅडम हसल्या फक्त. त्या वर्षभरापूर्वीच बदलून आल्यात, त्यांना चार्जमध्ये कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या, संगणकाच्या नाही.

बिटलॉकरचंही तेच. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्या खात्यात असते, म्हणजे तीन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या सरांच्या वैयक्तिक ईमेलमध्ये. सगळं पुसून लिनक्स टाकायला ती की लागत नाही हे खरं. पण आतले निकाल आणि मुलांचे फोटो हवे असतील तर तिच्याशिवाय मार्ग नाही. यंत्र सरकारी पैशाचं आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात!

लिनक्स टाकून झाल्यावर पासवर्डच्या ज्या तक्रारी येतात, त्या मात्र निम्म्या गैरसमजाच्या. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा स्क्रीनवर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. तसं नाही, टाइप करा आणि एंटर मारा. आकडी पासवर्ड उजवीकडच्या आकड्यांनी टाकताना नम लॉक बंद असेल तर तो चुकणारच. देवनागरी कीबोर्ड निवडलेला असेल तर लॉगिनच्या वेळी इंग्रजी चालू आहे का ते बघा. डेबियन टाकताना रूटचा वेगळा पासवर्ड दिला, तर तुमच्या खात्याला सुडो मिळत नाही. तो रकाना रिकामा सोडला तर मिळतं.

आणि लिनक्सचा लॉगिन पासवर्ड विसरलात तर घाबरू नका. मिंट किंवा उबुंटूमध्ये रिकव्हरी मोडमधून पाच मिनिटांत नवा टाकता येतो. पण यातच एक इशारा आहे. जे तुम्हाला जमतं ते यंत्राला हात लावणाऱ्या कुणालाही जमतं. म्हणून जिथं मुलांची माहिती आहे, त्या कार्यालयातल्या संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट करा. मात्र तो पासवर्ड हरवला तर डेटा गेला, तिथं कुठलाही इंजिनिअर कामाला येत नाही. लॅबमधल्या यंत्रांना एवढ्या बंदोबस्ताची गरज नाही.

काही जण म्हणतील, फुकटचं सॉफ्टवेअर, सांभाळणार कोण? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी केरळकडे बघा. २००१ मध्ये तिथं आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, आज तोच 'काइट' म्हणून ओळखला जातो. तिथल्या सरकारी शाळा लिनक्स वापरतात, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं, 'लिटल काइट्स' क्लबमधून मुलंही शिकतात. त्यांनी नुसतं सॉफ्टवेअर नाही बदललं, माणसं तयार केली. आपल्याकडे काय कमी आहे? सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात. त्याच सी-डॅकने बॉस लिनक्स बनवलं. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ पासून आहे. कागद आहे, तालुक्यात माणूस नाही.

ज्या कामाला विंडोजच लागतं, त्यासाठी एक-दोन यंत्रं तशीच ठेवा, माझा हट्ट नाही. पण या चार गोष्टी व्हायलाच हव्यात:

१. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाच्या नोंदीसोबत बायोस पासवर्ड आणि रिकव्हरी की आहे की नाही, याचा रकाना हवा. खुद्द पासवर्ड सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. मॉनिटरवर चिकटवू नका.
२. बदलीच्या वेळी चार्ज यादीत ते पाकीट आलंच पाहिजे.
३. पुरवठादाराने सगळे पासवर्ड लेखी दिल्याशिवाय बिल काढू नये.
४. प्रत्येक तालुक्यात निदान दोन शिक्षकांना हे काम शिकवावं आणि त्यासाठी त्यांना ऑन ड्युटी धरावं. रविवारच्या स्वयंसेवकांवर शाळा चालत नाहीत.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना एक रुपया लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एवढंच विचारा, "आपल्या संगणकांचे पासवर्ड कुणाकडे आहेत?" उत्तर काय मिळतं ते इथं कमेंटमध्ये नक्की लिहा.

त्या शाळेतले सात संगणक आता चालू आहेत. आठवा, म्हणजे तो लॅपटॉप, अजून कपाटातच आहे. बिघाड काही नाही त्याच्यात. फक्त किल्ली सापडत नाही.

बघा, पटतंय का.