आठ हजारांचे घर

एका घराची किंमत किती, असा प्रश्न ऐन दिवाळीत कुणी विचारला तर तुम्ही म्हणाल, मास्तर, घर कुठे आहे, किती खणांचे आहे, ते आधी सांगा. सांगतो. घर सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उतारावर आहे. भिंती कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. वर गवत, गवतावर प्लॅस्टिकचा निळा कागद. आत एक चूल, पाच माणसे आणि दोन करडे. या घराची किंमत सरकारने आधीच ठरवून ठेवली होती. आठ हजार रुपये.

हा आकडा माझ्या पदरचा नव्हे. आपत्तीनंतर द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी ठरविले. त्यांत डोंगराळ भागातले घर पूर्ण पडले तर १ लाख ३० हजार आणि झोपडी पडली तर ८ हजार असे होते. त्याच कागदावर मेलेल्या दुभत्या म्हशीचे साडेसदतीस हजार धरले होते. म्हशीला ते मिळू नयेत असे मी म्हणत नाही; म्हैस गेली की घरचा मिळवता हात गेला. पण ज्या झोपडीच्या आडोशाला ती बांधली होती, ती म्हशीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाची कशी, हे त्रैराशिक वीस वर्षे शाळेत गणित शिकवूनही मला सुटलेले नाही. मोठे संकट आले की राज्य सरकार या रकमांत भर घालते, हे कबूल केले पाहिजे. परंतु भर घातली तरी घर ते घर आणि झोपडी ती झोपडी. दोहोंतली दरी तशीच राहते. शिवाय घराची मदत हवी तर बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा. डोंगरातल्या माणसाने तो आणावा कुठून?

मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. माझे घर सांगलीकडे कृष्णाकाठी आणि नोकरी डोंगरात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसे बुडाली, ती याच पुरात. पाणी ओसरले, पंचनाम्याला माणसे आली, तेव्हा माझ्यापाशी घरपट्टीची पावती होती, बँकेचे पुस्तक होते, आणि मास्तर म्हणून थोडा मानही होता. मदत मिळाली. पुरेशी नव्हती, पण मिळाली.

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे डोंगर खाली आला आणि माणसे झोपेतच गाडली गेली. आमच्या शाळेतही वरच्या वस्तीवरची माणसे आश्रयाला आली. बाकांची चूड रचून आम्ही त्यांना जागा केली. त्यांत एक धनगर म्हातारा होता. त्याच्या झोपडीवर दरड आली होती. माणसे वाचली, बाकी काही वाचले नाही. पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी विचारले, "घराचा नंबर काय?"

"घर हाय, नंबर न्हाई."

"मग नोंद कशाची करू, बाबा?"

"आता मातीच ऱ्हायलीया, साहेब. तिचीच करा."

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्या हातातल्या कागदावर जेवढ्या चौकटी होत्या तेवढ्याच त्यांनी भरल्या. म्हाताऱ्यासाठी चौकटच नव्हती. पुढे एका कचेरीत मी त्याच्याबरोबर पाच खेपा घातल्या. पाचव्या खेपेला तोच मला म्हणाला, "मास्तर, तुमची शाळा बुडतीया. ऱ्हाऊ द्या."

शहाणी माणसे मला विचारतात, ही मंडळी मुळात तिथे राहतातच का? खाली का येत नाहीत? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर कोयनेच्या पाण्याखाली आहे. खालची सपाट, कसदार जमीन सुमारे १०५ टी.एम.सी.च्या शिवसागराने घेतली. तिथल्या विस्थापितांचे पुनर्वसन अजून पुरते झालेले नाही. त्यासाठी आजवर आंदोलने करावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, आणि धरणाच्या साठ्यामुळेही धरणी हलू शकते याचे उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेऊ लागले. ज्यांच्या पायाखालची जमीन आपण घेतली, त्यांनाच "तुम्ही उतारावर का राहता?" म्हणून विचारणे याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप कागदांचा. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. पण सातारा आणि सांगली हे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार इथल्या कातकऱ्याला नाहीत. वीटभट्टीवर निम्मे वर्ष, डोंगरात निम्मे. झोपडी बहुधा दुसऱ्याच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर. धनगर तर अनुसूचित जमातींच्या यादीतच नाही. वनहक्काचा २००६ चा कायदा त्याला सांगतो, तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध कर. ज्याच्या आज्याने कधी कागद पाहिला नाही, त्याने आज्याचा कागद आणायचा!

तिसरा आक्षेप पैशाचा. तोही टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत राज्यांच्या आपत्तिनिधीसाठी १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात शेकडा ४० तातडीच्या मदतीला, ३० पुन्हा उभारणीला, १० पूर्वतयारीला आणि २० धोका कमी करण्याला. म्हणजे संकट येण्याआधी खर्च करावयाचा पैसा कागदावर शेकडा ३० होता. वाद आहे तो एवढाच, की तो कुणाच्या दारापर्यंत पोचतो.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असेही नाही. श्रीमंत कॅनडात तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०२२ साली दाखवून दिले की, मूलनिवासी वस्त्यांसाठी सरकार संकटानंतर जो खर्च करते तो संकटापूर्वीच्या खर्चाच्या साडेतीन पट आहे. तिथे निदान कुणीतरी हिशेब मांडला.

आपल्याकडे हिशेब मढी मोजून होतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण हे महादेव कोळ्यांचे गाव गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता दिली ती एस.टी.च्या चालकाने. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या ठाकरांच्या इरशाळवाडीवर दरड आली. मदतीला निघालेली माणसे डोंगर चढून पायी गेली. यंत्रे वर नेता येईनात. आणि नंतर सांगण्यात आले की, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादी करणारे गावापर्यंत जातात, वाडीपर्यंत जात नाहीत. आणि डोंगर कोसळतो तो वाडीवर.

माझे मागणे फार नाही. यादी गावाची नको, झोपडीगणिक करा. माणूस जिथे चूल पेटवितो ते घर, एवढी व्याख्या कागदावर लिहा, आणि नंबर नसेल तर तो सरकारनेच द्यावा. धोक्याच्या प्रत्येक उतारावर पर्जन्यमापक आणि भोंगा द्या, तो पाहण्यासाठी वस्तीतलाच पोरगा शिकवून तयार करा. हलवायचे असेल तर त्यांना विचारून, त्यांच्या कुरणाजवळ हलवा. आणि पूर्वतयारीचा पैसा कुठल्या वाडीवर किती खर्च झाला, हे चावडीवर लिहून लावा.

हे दिवाळीतच का सांगतो? कारण पाऊस संपला आहे. दिवाळीपासून मृगापर्यंत जेमतेम सात महिने हाती असतात. भिंत बांधायची, चर खणायचे, वस्ती हलवायची ती याच दिवसांत. वैशाखात सभा, ज्येष्ठात निविदा आणि आषाढात श्रद्धांजली, हा क्रम आपण पुष्कळ पाहिला. तुमच्या दारातल्या आकाशकंदिलात कोयनेची वीज आहे. ती लावताना जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र तेवढे लिहा. मी माझे लिहून टाकले आहे. म्हाताऱ्याचा अंगठाही त्यावर आहे.