दोषारोप आणि दोषशोधन

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे आपल्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो तो बहुधा 'हें कोणीं केलें?' असा असतो. 'हें कशानें झालें?' असा क्वचितच असतो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपल्या मनांत आधींच तयार असतें, म्हणून तो विचारणें सोपें. दुसऱ्याचें उत्तर शोधावें लागतें, आणि शोधण्यास वेळ, धीर व थोडासा नम्रपणा लागतो. गेल्या वर्षीं आमच्या घरचा संगणक खेळतां खेळतां वारंवार थिजूं लागला, त्या निमित्तानें ह्या दोन प्रश्नांतील अंतर मला चांगलेंच कळून आलें. ती हकीकत सांगून, तीवरून माझें जें मत झालें आहे तें आपणांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

माझा मुलगा त्या वेळीं इयत्ता नववींत होता. दिवाळीच्या सुटींत त्यानें आपल्या साठविलेल्या पैशांत माझी थोडी भर घालून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणविला आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हातांनीं संगणक जुळविला. तो दोन महिने उत्तम चालला. पुढें नाताळच्या सुटींत त्यानें एकाच दिवशीं त्यांत दोन वस्तूंची भर घातली. एक म्हणजे रॅमची दुसरी नवी पट्टी, आणि दुसरी म्हणजे वर्गमित्राच्या थोरल्या भावाकडून विकत घेतलेलें जुनें ग्राफिक्स कार्ड. त्या दिवसापासून मोटारींच्या शर्यतीचा खेळ सुरू करून दहावीस मिनिटें झालीं कीं पडद्यावरील चित्र छायाचित्राप्रमाणें स्तब्ध व्हावें, एकच सूर अडकलेल्या तबकडीसारखा घुमत राहावा, माऊस हलूं नये आणि शेवटीं बटण दाबून धरून यंत्र बंद करावें लागावें, असा क्रम सुरू झाला. मुलें ह्यास 'हँग होणें' असें म्हणतात.

निकाल देणारे न्यायाधीश घरांत पुष्कळ होते. मुलाची आई म्हणाली, "आठ प्रहर खेळ चालवल्यावर दुसरें काय होणार?" त्याचे काका म्हणाले, "एस. एम. पी. एस. हलका आहे, तो बदला." ओळखीच्या एका दुकानदारानें नव्या ग्राफिक्स कार्डाची किंमतच सांगितली. आणि मुलगा म्हणाला, "बाबा, त्या दादानें मला जाणूनबुजून खराब कार्ड विकलें." एवढें घरांत बोलून तो थांबता तर बरें होतें, परंतु दुसऱ्या दिवशीं तेंच तो भर वर्गांत बोलला. त्याचा मित्र त्याच दिवसापासून दुसऱ्या बाकावर बसूं लागला. माझाहि अपराध येथें कबूल केला पाहिजे. जुनी वस्तु आणि परक्याकडून घेतलेली, तेव्हां तीच सदोष असणार, असें मीहि धरून चाललों व मुलास अडविलें नाहीं.

येथें प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. पत्र लिहितांना अगर गणित सोडवितांना न थांबणारें यंत्र खेळतांनाच कां थांबतें? सपाट रस्त्यावर बैलगाडीच्या आंसांतील चीर कळून येत नाहीं. घाट लागला म्हणजे कळते. पत्र लिहितेवेळीं प्रोसेसर बहुतेक काळ रिकामाच असतो. खेळांत मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि वीजपुरवठ्याची पेटी ह्या सर्वांवर एकाच वेळीं व सतत भार पडतो. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्रास १७ सहस्रांश सेकंदहि मिळत नाहीं. चीर घाटानें पाडलेली नसते, ती घाटांत उघड होते. त्याप्रमाणें खेळ हा दोषी नसून साक्षीदार असण्याचाच संभव अधिक.

पुढें एका रविवारीं आम्ही बापलेक एक कोरी वही घेऊन बसलों आणि एक नियम केला: एका वेळीं एकच बदल करावयाचा, आणि तो करण्यापूर्वीं व केल्यानंतर काय दिसलें तें लिहून ठेवावयाचें. पहिल्या दिवशीं कांहींच बदललें नाहीं, केवळ पाहिलें. चित्र थिजल्यावर कीबोर्डावरील कॅप्स लॉकची कळ दाबली, तर तिचा दिवा लागला नाहीं. म्हणजे केवळ चित्र नव्हे, सर्व यंत्रच थांबलें होतें. ग्राफिक्स कार्डानें उत्तर देण्यास सुमारें दोन सेकंदांहून अधिक विलंब लावला तर विंडोज त्यास आपण होऊन पुन्हा चालू करूं पाहते, आणि त्या वेळीं पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. तसें येथें होत नव्हतें. यंत्र एकाएकीं बंदहि पडत नव्हतें. तसें होतें तर प्रथम वीजपुरवठ्याकडे अथवा उष्णतेकडे पाहावें लागलें असतें. ह्या सर्व खुणा होत, निकाल नव्हेत.

विंडोजमध्यें इव्हेंट व्ह्यूअर नांवाची एक रोजनिशी असते. तींत प्रत्येक प्रसंगीं 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सांपडली. 'पॉवर' हा शब्द पाहून काकांचाच तर्क खरा ठरला असें आम्हांस वाटलें. परंतु त्या नोंदीचा अर्थ इतकाच कीं, मागील वेळीं यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें. आणि आम्हीं तर तें स्वतःच बटण दाबून बंद केलें होतें! आपणच केलेली गोष्ट पुरावा म्हणून आपल्यापुढें येते व आपण तीस फसतों, ह्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

नंतर उष्णतामान मोजलें. खेळ चालू असतां प्रोसेसर ७८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. आजकालचे प्रोसेसर बहुधा ९० ते १०० अंशांच्या सुमारास पोंचले म्हणजे आपला वेग आपणच कमी करून स्वतःस सांभाळतात. तेव्हां उष्णतेवरील संशय फिटला. पंख्यांवरील धूळ झाडली, सर्व जोड काढून पुन्हा घट्ट बसविले, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नव्यानें घातला. प्रत्येक वेळीं निराळ्या पानावर नोंद केली, आणि प्रत्येक पानाच्या शेवटीं 'पुन्हा थिजला' हेच शब्द लिहावे लागले. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडली नाहीं, आणि कोणीहि उघडूं नये. वीज तोडल्यावरहि तिच्यांतील कपॅसिटरांत जीवघेणा विद्युद्भार काही काळ राहूं शकतो.

पुढच्या रविवारीं तें जुनें ग्राफिक्स कार्ड काढून मुलाच्या आतेभावाच्या संगणकांत बसविलें आणि तोच खेळ लावला. तीन तास खेळ चालला; एकदांहि थांबला नाहीं. त्या तीन तासांत मुलाचा चेहरा हळूहळू उतरत गेलेला मीं पाहिला. एका कार्डाची निर्दोषता सिद्ध झाली, त्याबरोबर कोणावर तरी केलेला आरोप खोटा ठरला, हें त्यास सांगावें लागलें नाहीं.

आतां राहिली रॅम. तिची परीक्षा घेणारा मेमटेस्ट८६ नांवाचा प्रोग्रॅम १९९४ पासून प्रचारांत आहे. तो विंडोज सुरू न करतां पेनड्राइव्हवरून चालवितात. रॅमच्या प्रत्येक घरांत तो ठराविक आंकडे लिहितो आणि तेच परत वाचतां येतात कीं नाहीं तें पाहतो. दुसऱ्या तासाला पडद्यावर चुकांच्या लाल ओळी दिसूं लागल्या. पट्टी खराब आहे असें म्हणून आम्ही उठणार होतों, पण वहीच्या नियमानें पुढें जावयास लावलें. पहिली पट्टी एकटी ठेवून परीक्षा घेतली: चूक नाहीं. दुसरी एकटी ठेवून घेतली: चूक नाहीं. दोन्ही एकत्र ठेवून वेग कमी केला: रात्रभर चूक नाहीं. दोन्ही एकत्र आणि पूर्ण वेग: पुन्हा लाल ओळी!

ह्याचें कारण असें. डी. डी. आर. ४ जातीच्या रॅमचा प्रमाणित विद्युद्दाब १.२ व्होल्ट आहे. खोक्यावर छापलेला ३६०० हा मोठा आंकडा, म्हणजे दर सेकंदास ३६० कोटी वेळां माहितीची देवघेव, मिळावयाचा असेल तर बायोसमध्यें एक्स. एम. पी. नांवाची मांडणी चालू करावी लागते, आणि ती बहुधा १.३५ व्होल्टांची असते. हा वेग प्रमाणाहून अधिक असून त्या खोक्यांत जें आहे त्यापुरताच त्याचा हवाला असतो. निरनिराळ्या वेळीं घेतलेल्या दोन खोक्यांतील पट्ट्या शेजारीं बसविल्या तर तो वेग त्या दोघींस मिळून पेलेलच असें नाहीं. कोणतीहि पट्टी सदोष नव्हती, दुकानदार लबाड नव्हता, खेळहि वाईट नव्हता. जोडी तेवढी जुळत नव्हती. आम्हीं वेग ३२०० वर आणला, पुन्हा रात्रभर परीक्षा घेतली आणि मग खेळ लावला. त्यानंतर संगणक आजतागायत थिजलेला नाहीं. एक पैसाहि खर्च झाला नाहीं.

हा प्रकार आमच्यासारख्या नवशिक्यांच्याच घरीं घडतो असें कोणी समजूं नये. इंटेल कंपनीचे तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अनुक्रमें २०२२ व २०२३ सालीं बाजारांत आले. त्यांतील कित्येकांवर मोठे खेळ चालवितांना ते मध्येंच बंद पडत आणि 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश पडद्यावर येई. व्हिडिओ मेमरी ग्राफिक्स कार्डावर असते; तेव्हां खेळणारांनीं कार्डावर संशय घेतला असल्यास त्यांत नवल नाहीं. पुढें २०२४ सालीं कंपनीनेंच सांगितलें कीं, प्रोसेसर प्रमाणाबाहेर विद्युद्दाब घेत होते. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर सुधारलेला मायक्रोकोड देण्यांत आला आणि वॉरंटीची मुदत दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. तथापि ज्या प्रोसेसरांची झीज होऊन चुकली होती ते त्यानें सुधारणार नव्हते. संदेश एका भागाचें नांव घेत होता आणि दोष दुसऱ्याच भागांत होता. जेथें दुखतें तेथेंच रोग असतो असें नाहीं, हें आपल्या वैद्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे.

ह्याच्या उलट धीराचें उदाहरण पाहावयाचें असेल तर तीस वर्षें मागें जावें. अमेरिकेंतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे १९९४ सालीं जोडमूळ संख्यांवर गणित करीत होते. जूनमध्यें त्यांना आपल्या उत्तरांत अगदीं सूक्ष्म विसंगति आढळली. त्यांनीं कोणावरहि आरोप केला नाहीं. आपला प्रोग्रॅम, कंपायलर, मदरबोर्ड असें एकेक कारण त्यांनीं तपासून बाजूस सारलें आणि पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारांतच चूक आहे अशी खात्री झाल्यावर, ऑक्टोबरमध्यें, तें इतरांस कळविलें. डिसेंबरांत कंपनीनें प्रोसेसर बदलून देण्याचें मान्य केलें, आणि त्यापायीं ४७.५ कोटी डॉलरांचा भार सोसला. प्रथम स्वतःच्या कामावर संशय घेणाऱ्या माणसाचा शब्द शेवटीं एवढ्या मोठ्या कंपनीसहि मानावा लागला.

ह्यावर पालकांपैकीं कोणी म्हणतील, 'एका खेळासाठीं इतका खटाटोप कशास? यंत्र बंद आहे तेंच बरें.' मुलानें किती वेळ खेळावें हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचें उत्तर घरांतील वडील माणसांनींच द्यावयाचें आहे. परंतु यंत्र कां थांबतें हा प्रश्न त्याहून निराळा आहे. दोन प्रश्नांची गांठ मारली म्हणजे एकाचेंहि उत्तर मिळत नाहीं, आणि मूल मात्र असें शिकतें कीं, वडिलांचा राग हेंच कारण होय. शिवाय जी रॅम खेळांत चुकते ती शाळेच्या प्रकल्पांत किंवा घरच्या छायाचित्रांतहि चुकूं शकते. तेथें ती चुपचाप चुकते, एवढेंच. खेळानें तर आरडाओरड करून आम्हांस जागें केलें.

कोणी असेंहि म्हणतील कीं, हें काम कारागिराचें आहे. अवश्य कारागिराकडे जावें. पण जातांना वही घेऊन जावें. ताप केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें सांगणाऱ्या रोग्यास वैद्य लवकर बरा करतो.

विद्यार्थ्यांस माझें सांगणें थोडें आहे. दोन बदल एकदम करूं नका. केल्यास कोणत्यानें काय झालें हें कधींच कळत नाहीं. जें पाहिलें तें आणि जें वाटलें तें निरनिराळ्या ओळींवर लिहा. ज्या भागावर तुमचा अधिक राग आहे त्याची परीक्षा अधिक काळजीनें घ्या, कारण तेथें तुमचें मन आधींच फिरलेलें असतें. आणि यंत्राच्या बाबतींत जें सांगितलें तें माणसांच्या बाबतींत दुपटीनें पाळा. निर्दोष कार्ड काढून टाकलें तर पैसे जातात. निर्दोष माणसावर ठपका ठेवला तर त्याची भरपाई बाजारांत विकत मिळत नाहीं.

आमच्या मुलानें ती भरपाई स्वतः केली. आरोप भर वर्गांत केला होता, म्हणून क्षमाहि त्यानें भर वर्गांत मागितली, आणि संध्याकाळीं वही घेऊन तो मित्राच्या घरीं गेला. त्या दादानें वही शेवटपर्यंत वाचली व तो म्हणाला, "अरे, आधीं मला विचारायचें होतेंस, मींच येऊन बसलों असतों तुझ्याबरोबर." मुलगा परत आला तेव्हां रात्रीचे साडेआठ वाजले होते. त्या दिवशीं त्यानें संगणक लावलाच नाहीं.