कुंभाराच्या घरीं

भाद्रपदाची पौर्णिमा आली, कीं यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरीं भुलोजी व भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ति मांडल्या जातात. वर ज्वारीच्या धांड्यांचें मखर असतें. भुलोजी म्हणजे शंकर व भुलाबाई म्हणजे पार्वती, असें मानून मुली कोजागिरीपर्यंत महिनाभर सायंकाळीं त्यांच्यापुढें गाणीं म्हणतात. गाण्यांचा विषय बहुधा सासर-माहेर हाच. शेवटीं झांकलेल्या डब्यांतील खाऊ कोणता, हें ओळखण्याची चढाओढ लागते.

मूर्तिपूजा आम्हां ख्रिस्ती जनांच्या धर्मांत नाहीं, हें आम्ही आडपडदा न ठेवितां सांगतों. परंतु ‘जें आपण पूजीत नाहीं, त्याशीं आपणांस काय कर्तव्य?’ असें जें आमच्यांतील कांहीं जण म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. पूजा ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची गोष्ट आहे. पण मूर्ति घडविणारा कुंभार आपला शेजारी आहे, आणि ज्या पाण्यांत मूर्ति सोडावयाच्या तें पाणी सर्वांचें आहे.

या कुंभाराचें काम सोपें नव्हे. माती आणावी, खडे वेंचावे, भिजवून तुडवावी, साच्यांत दाबून आकार द्यावा, सावकाश वाळवावें, मग रंग द्यावा. आणि ऐन पावसाळ्यांत हें सर्व करावें. उलट प्लास्टर ऑफ पॅरिस पहा. जिप्सम नांवाचें खनिज सुमारें १५० अंश उष्णतेवर भाजून ही भुकटी करितात. तींत पाणी कालविलें, कीं थोड्याच मिनिटांत ती घट्ट होते. मूर्ति हलकी, सुबक व स्वस्त होते; मात्र पाण्यांत ती मातीसारखी विरघळत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१० सालीं विसर्जनाविषयीं सूचना काढिल्या, व २०२० सालीं त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्ति नकोत असें सांगितलें. तरीही बाजारांतून त्या गेल्या नाहींत.

कोणी म्हणेल, प्लास्टरचें काम करणारेही गरीबच आहेत, व स्वस्त मूर्ति घेणाराही गरीबच. हें खरें आहे. म्हणून आम्ही त्यांना दोष देत नाहीं. पण ज्यांस चार पैसे अधिक देणें जड नाहीं, तेही स्वस्ताईकडेच धांवतात, हें आम्हांस खटकतें.

आणि येथें आम्हीं आपल्याही घराकडे पाहिलें पाहिजे. संत फ्रान्सिस यानें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. त्याची आठवण म्हणून नाताळांत अनेक ख्रिस्ती घरीं गोठा मांडितात. त्यांतील मेंढपाळ व मेंढरें आज कशाचीं असतात? बहुधा प्लास्टरचीं किंवा प्लास्टिकचीं, दूरच्या शहरांतून आलेलीं. गांवच्या कुंभाराकडे तीं मागण्याचें आमच्यांतील कितीजणांस सुचलें? शेजाऱ्यास माती वापरण्याचा उपदेश करावा आणि आपण मात्र दुकानांतील खोकें उघडावें, हें बरें नव्हे.

यिर्मया संदेष्ट्यास देवानें कुंभाराच्या घरीं धाडिलें, ही कथा त्याच्या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायांत आहे. चाकावरचें पात्र हातांत बिघडलें, तेव्हां कुंभारानें त्याच मातीचें दुसरें घडविलें. प्लास्टर एकदां घट्ट झालें, कीं पाण्यानें पुन्हां मऊ होत नाहीं. वाळलेली कच्ची माती पुन्हां भिजते, पुन्हां घडते. मनुष्य मातीचाच, असें शिकविणाऱ्या धर्माच्या लोकांस तरी तिचें मोल सांगावें लागूं नये.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला एखाद्या कुंभारास मानानें व मोबदला देऊन बोलवावें. हिंदु मुलींनीं आपली भुलाबाई घडवावी, ख्रिस्ती मुलांनीं आपलीं मेंढरें घडवावीं; माती मात्र एकाच घमेल्यांतील असावी.