खालांची सही आणि भावाची गाडी

दोन वर्षांपूर्वी याच सदरात मी आमच्या अंगणातल्या ताडपत्रीचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून काही वाचक भगिनी भेटल्या की विचारतात, "टीचर, ताडपत्रीखाली काय आहे ते सांगितलंच नाही तुम्ही." मुद्दामच सांगितले नव्हते. घरातले भांडण ताजे होते. आता थोडे निवले आहे, म्हणून लिहिते.

ताडपत्रीखाली १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे. दोन दरवाजांची. कधीकाळी तिचा रंग आकाशी होता.

माझा धाकटा भाऊ १४ वर्षे कुवेतला फिटर होता. २०२२ मध्ये तो कायमचा परत आला. आल्यावर सहा महिने त्याने काहीच केले नाही. सकाळी बाजारात जायचा, मासे आणायचा, दुपारी झोपायचा. तिकडून आलेल्या माणसाची ही अवस्था आपल्या कोकणातल्या घरांना नवीन नाही. चौदा वर्षे घर त्याच्याविना चालायला शिकलेले असते, आणि मग तो येऊन पंख्याखाली बसतो. त्याची जागा नेमकी कुठे, हे ना त्याला कळत ना घराला. आणि मग एक दिवस तो म्हणाला, "आपा, मला स्पोर्ट्स कार बनवायची आहे."

भाभीने हातातली परात जमिनीवर ठेवली. जोरात ठेवली.

तिचेही चुकत नव्हते. वरचा मजला चढवायचा म्हणून पैसे बाजूला ठेवलेले, मोठी मुलगी अकरावीत. आणि बाजारपेठेतल्या एका पडवीत उभी असलेली, चार वर्षे न हललेली गाडी हा ८० हजारांना घेणार! शिवाय ती २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली. त्या दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत काय झाले ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. गाडीच्या टपापर्यंत पाणी होते. दरवाजा उघडला तेव्हा सीटवर बोटभर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"ही स्पोर्ट्स कार आहे?" मी विचारले. मला ती एखाद्या म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी वाटली. (होतीही तशीच. मूळ मालक डॉक्टर नव्हते, पण व्हिजिटला निघाल्यासारखे हॅट घालून ती चालवत असत, असे लोक सांगतात.)

भावाने मला जे समजावले ते मी नंतर वाचून पडताळून घेतले, शिक्षकाची खोड. हेराल्ड ही मुळात ब्रिटनमधल्या ट्रायम्फची गाडी, १९५९ सालची. रूप दिले होते इटलीच्या मिकेलोत्ती यांनी. त्या काळात बाकीच्या कंपन्या चासी आणि बॉडी एकजीव बनवू लागल्या होत्या. पण यांचा बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला, म्हणून यांनी जुन्या पद्धतीने वेगळी चासी ठेवली आणि वर बॉडीचे भाग बोल्टने जोडले. त्याच चासीत फेरफार करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर काढली, दोन माणसांची, उघड्या टपाची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने हेराल्ड बनवली, ९४८ सीसीच्या इंजिनाची. थोडक्यात, भावाने घेतली ती स्पिटफायर नव्हे, तिची गरीब मोठी बहीण. पण वळायला अशी चपळ की २५ फुटांच्या घेऱ्यात गर्रकन फिरते. पुढचे बोनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते, इंजिन, चाके, सगळे उघड्यावर. भाऊ म्हणाला, "आपा, शिकायला याच्यापेक्षा सोपी गाडी नाही. स्पॅनर घेतला की सगळी सुटते."

सुटली. पहिल्या तीन महिन्यांत सगळी सुटली. अंगणात आंब्याखाली दरवाजे, न्हाणीघराच्या भिंतीला बोनेट, माजघरात फळीवर डब्यांतून नट-बोल्ट. प्रत्येक डब्यावर माझ्या भाच्याच्या अक्षरात चिठ्ठी. तो मुलगा आठवीत, मराठीच्या वहीत कधी धड अक्षर काढले नाही त्याने, पण त्या डब्यांवर 'मागील डावा ब्रेक' असे छापल्यासारखे लिहायचा.

गिअरबॉक्समधून तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी निघाले. मागच्या डिफरन्शियलमधूनही तेच. ब्रेकचे ड्रम गंजून धरलेले. इंजिन जाम. गावातल्या जुन्या मिस्त्रींनी प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतले आणि सांगितले, "आठ दिवस हात लावू नका." भाऊ पाचव्या दिवशी लावायला गेला, मिस्त्रींनी त्याला हाकलले. नवव्या दिवशी पुलीला पाना लावून हलके हलके फिरवले तेव्हा ते सुटले. वायरिंग मात्र सगळे फेकावे लागले. पुराचे पाणी शिरलेली वायर वरून चांगली दिसते, आतून हिरवी पडलेली असते.

मिस्त्रींनी दाखवलेली एक गोष्ट मला अजून आठवते. पुढच्या चाकांना खाली एक पितळेचा भाग असतो, ट्रनियन म्हणतात. त्याच्या आट्यांत पोलादी उभा दांडा बसतो आणि स्टिअरिंग फिरवले की तो त्यात फिरतो. त्यात ग्रीस भरायचे नसते, गिअरचे ९० नंबरचे तेल भरायचे असते. पण वर्षानुवर्षे ज्याच्या हाती गाडी गेली त्याने इतर गाड्यांसारखा ग्रीसचा पंप मारला. ग्रीस आट्यांत पोचत नाही, वरच घट्ट होऊन बसते, आत पाणी जाऊन पोलाद झिजते, आणि एक दिवस गाडी हळू वळवताना दांडा मोडून चाक आडवे पडते. मिस्त्री म्हणाले, "बाई, पुराने ही मेली नाही. आणखी दोन वर्षं चालवली असती ना, तर ग्रीसने मेली असती. सगळे काळजीने भरत होते, हाच घोळ."

स्पिटफायरचे पुढचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात आणि ते हिला चालतात. बर्मिंगहॅमला आमचा आतेभाऊ आहे. त्याने दोन्ही बाजूंच्या ट्रनियन आणि दांडे घेऊन ठेवले, आणि सुट्टीला येताना कपड्यांत गुंडाळून आणले. एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली तेव्हा ते काय आहे हे त्याला सांगता येईना. तो अकाउंटंट आहे.

एका गोष्टीवरून मात्र भाऊ आणि मिस्त्री महिनाभर बोलत नव्हते. भावाला त्यात मारुतीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवायचा होता, वेगासाठी. मिस्त्रींना ते मंजूर नव्हते. निकाल शेवटी कायद्याने लावला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला आहे. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५ हजार. नवा नंबर घेतला तर त्यात 'व्हीए' अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. मारुतीचे इंजिन बसवले असते तर ही वाटच बंद. भाऊ मुकाट्याने ९४८ सीसीवर परतला. भाभी म्हणाली, "म्हणजे एवढं करून माझ्या माहेरी जायला नाहीच उपयोग!"

कायदा असा घरात आल्यावर कागद बाहेर निघाले, आणि खरे प्रकरण तिथे सुरू झाले.

मूळ मालक २०१८ मध्ये वारले. त्यांच्या बेगम आधीच गेल्या होत्या. मागे एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा मुंबईला असतो. त्याने शंभरच्या मुद्रांकावर लिहून देऊन गाडी भावाला विकली आणि ८० हजार घेतले. पण गाडी अजून मरहूमांच्याच नावावर. ती आधी वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. त्यानंतर २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर ती भावाच्या नावे होणार. धाकट्या मुलीने दुबईहून सही पाठवली. थोरल्या आमच्याच गावात राहतात, साठीच्या पुढच्या. आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला.

भावाने चार फेऱ्या मारल्या. मग मला म्हणाला, "आपा, तू बाई आहेस, तू जा. म्हातारी अडून बसलीय. वीस हजारांसाठी दोन लाखांचं काम अडवलंय."

वीस हजार हा आकडा त्याला तोंडपाठ होता, याची मला गंमत वाटली. एक मुलगा, दोन मुली: मुलाचे दोन हिस्से, मुलींचा एकेक. ८० हजारांचे ४०, २०, २०. हे आपल्याकडे प्रत्येकाला येते.

मी गेले. खालांनी चहा केला, नानखटाई ठेवली. गाडीचा विषय त्यांनीच काढला. "टीचर, त्या गाडीतून अब्बा मला शाळेत सोडायचे. ती विकली हे मला कुणी सांगितलं माहीत आहे? भाजीवाल्याने. तुमच्या भावाच्या दारात उभी आहे म्हणाला. माझ्या भावाने फोन केला असता, की विकतोय, तुझं काय म्हणणं, तर मी म्हटलं असतं विक. हिस्सा पण सोडला असता कदाचित. आता नाही सोडणार."

मला पुढे काही बोलता आले नाही. घरी येऊन भावाला सांगितले, त्यांचे २० हजार त्यांना मिळाले पाहिजेत, तुझ्या खिशातून दे नाहीतर त्यांच्या भावाकडून आण, पण त्याशिवाय मी पुन्हा त्या दारात जाणार नाही.

तो चिडला. म्हणाला, "मी पूर्ण पैसे दिलेत. त्यांच्या घरातलं त्यांनी बघावं. आणि आपा, तू नाही का आपल्या घराच्या कागदावर सही केलीस? हसत केलीस. तेव्हा कुठे काय झालं?"

अब्बा गेल्यावर २०१५ मध्ये मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. कागद तयार करूनच मला बोलावले होते. ऑफिसात गेले, अंगठा दिला, फोटो काढला, बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. मी हसतच होते. भाऊ कुवेतहून खास आला होता, अम्मी खूश होती, मला नोकरी होती, मियांनाही काही म्हणायचे नव्हते. कुणी जबरदस्ती केली नाही, हे खरे आहे.

मी त्याला म्हटले, "मलाही कुणी विचारलं नव्हतं."

एवढेच बोलले. त्याच्या हातात तेव्हा ब्रेकचा सिलिंडर होता, तो तसाच पुसत राहिला. भाभी दारात उभी होती, ती आत गेली. नऊ वर्षांत हे वाक्य मी स्वतःशीही म्हटले नव्हते. गाडीच्या ब्रेकसमोर उभी राहून म्हणेन असे वाटले नव्हते.

आठवड्याने तो मुंबईला गेला. तिकडे काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही. खालांचा भाऊ स्वतः गावी आला, बहिणीच्या घरी दोन दिवस राहिला, पैसे दिले. थोडी रडारड झाली म्हणतात. खालांनी कागदावर सही केली आणि तारीख स्वतःच्या डायरीतही लिहून ठेवली. फॉर्म आता परिवहन कार्यालयात आहे, पाहू.

माझ्या सहीबद्दल आमच्यात अजून काही बोलणे झालेले नाही. हा अंक त्याच्या घरी येतो. भाभी पहिल्यांदा पाककृतीचे पान उघडते, मग हे.

गाडी गेल्या महिन्यात सुरू झाली. तिसऱ्या प्रयत्नाला खोकली, धूर सोडला, आणि मग शिवणयंत्रासारखी चालू लागली. नोंदणी नाही म्हणून अंगणातच पुढे-मागे. पहिल्या दिवशी आत बसायला खालांना बोलावले होते. त्या पुढच्या सीटवर टेकल्या, दरवाजाची काच खालीवर करून पाहिली, डॅशबोर्डवरून हात फिरवला. भाच्याने मोठ्या उत्साहाने हॉर्न वाजवला.

खाला म्हणाल्या, "हा आवाज नव्हे. अब्बांचा हॉर्न आला की आम्हाला आत स्वयंपाकघरात कळायचं."

भाऊ आता मूळ हॉर्न शोधतो आहे.